गाठीची दोरी

धरण्याचं काम कुठलीही दोरी करते. अर्धवट सोडणं फार थोड्यांना जमतं.

*

दोराने झाडावर चढण्याची रचना सांगायला सोपी आहे. मुख्य दोर वरच्या भक्कम बेचक्यातून खाली आलेला असतो. त्याच्याभोवती एका बारीक दोरीचे चार-पाच वेढे घेतलेले असतात आणि त्या दोरीची दोन्ही टोकं कॅराबिनरमधून कमरेच्या हार्नेसला लावलेली असतात. अंगाचा भार पडला की वेढे आवळतात, माणूस आहे तिथे थांबतो. भार काढून वेढे वर ढकलले की तो चढतो. वेढ्यांच्या माथ्यावर मूठ ठेवून हलकंसं खाली दाबलं की तो उतरतो. यात ना दात, ना स्प्रिंग, ना खटका. वीतभर दोरी आणि तिचं मुख्य दोराशी घासणं, एवढ्यावर माणूस सागाच्या शेंड्यापाशी बसून काम करतो.

सह्याद्रीत कडे चढणारी मंडळी अशा सगळ्या गाठींना सरसकट ‘प्रुसिक’ म्हणतात. कार्ल प्रुसिक हा ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक. त्याने ही गाठ 1931 साली मांडली. गाठ त्याने दिली. दोरी कोणती घ्यायची हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

*

पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात: तुटणार तर नाही ना?

नाही तुटणार. युरोपीय मानकाप्रमाणे 8 मिलिमीटरच्या गिर्यारोहणाच्या दोरीने किमान 12.8 किलोन्यूटन ताण सोसला पाहिजे, म्हणजे साधारण तेराशे किलोंचा भार. 6 मिलिमीटरच्या दोरीसाठी हाच आकडा 7.2. हिशेब तोंडी करण्यासारखा आहे: जाडीच्या मिलिमीटरांचा वर्ग करा, विसाने गुणा, ढोबळ किलो निघतात. गाठ मारल्यावर त्यातली तिसऱ्या हिश्शाएवढी ताकद गेली असं धरलं, तरी ऐंशी किलोंच्या माणसाला उरलेली भरपूर आहे.

घात होतो तो इतर तीन वाटांनी. दोरी घसरते, अडकते किंवा वितळते. या तिन्हींतलं काहीही लेबलावरच्या किलोन्यूटनात दिसत नाही.

*

जाडीचा नियम असा की गाठीची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी. झाडांसाठी 13 मिलिमीटरचा दोर असेल तर 10ची दोरी चालते. 11 किंवा साडेअकराचा असेल तर 8ची. दोन्ही सारख्या जाडीच्या घेतल्या तर वेढे पुरेसे रुतत नाहीत, विशेषतः दोन्ही नवीकोरी असताना. फार बारीक घेतली तर वेढे असे रुतून बसतात की सोडवायला दोन्ही हात लागतात, आणि झाडावर दोन्ही हात मोकळे असण्याची वेळ क्वचितच येते.

घट्ट धरणारी दोरी भरवशाची वाटते. हा भरवसा उतरायची वेळ येईपर्यंतच टिकतो.

*

ताठ दोरी गाठीत नीट बसत नाही, मऊ दोरी गाठीतून नीट सुटत नाही. मधली निवडायची. ती आकड्यांत सांगता येत नाही. दुकानात दोरीला दोन बोटांत लहानसा फास करून चिमटीत दाबून पाहावं लागतं. फास पूर्ण मिटला तर ती फार मऊ, अंडाकृतीवरच अडून राहिला तर फार ताठ. ऑनलाइन मागवणाऱ्याने निदान परत पाठवण्याची मुदत तेवढी वाचून घ्यावी.

*

गाठींची नावं पुष्कळ आहेत. माणसाला एकच नीट यावी.

प्रुसिक वरून-खालून दोन्ही बाजूंनी धरते, म्हणून शिकवायला उत्तम. पण पूर्ण भार पडल्यावर रुसून बसते. फ्रान्स-इटलीच्या सीमेवरून आलेली व्हाल्दोतँ ही वेढे आणि वेणी यांची गाठ सहज सुटते. मात्र तिला दोन्ही टोकांना डोळे शिवलेली दोरी लागते आणि तिची लांबी बोटभर चुकली तरी ती कधी धरते, कधी धरत नाही. ब्लेकच्या गाठीला वेगळी दोरीच लागत नाही. मुख्य दोराच्या शेपटानेच ती मारतात, म्हणून जिथे पैसे कमी तिथे तीच चालते. ती हाइन्त्स प्रोहास्का याने 1981 साली ऑस्ट्रियात प्रसिद्ध केली होती. पुढे 1994 साली जेसन ब्लेक या अमेरिकी माणसाने ती स्वतंत्रपणे मांडली आणि नाव त्याचं लागलं. गाठीला यातलं काहीच कळत नाही. ती दोघांचाही भार सारखाच घेते.

*

आता उष्णतेकडे येऊ. दोरी निवडण्याचं खरं कारण ते आहे.

ऐंशी किलोंचा माणूस दहा मीटर उतरला की जवळजवळ आठ हजार जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती घर्षणात जाते आणि उष्णता होते. अर्ध्या मीटरला एक सेकंद घेत हळूहळू उतरलं तर हा दर चारशे वॅटचा पडतो. घाबरून सेकंदाला दोन मीटरच्या वेगाने उतरलं तर सोळाशेचा. घरातली इस्त्री हजाराच्या आसपास असते. त्या इस्त्रीवर तुमचा जीव टांगलेला आहे.

यातला काही भाग फांदी घेते. दोर बेचक्यातून उघडा फिरवला असेल तर सालीवर उमटणारी काळपट चरी हा तिने घेतलेला वाटा. उरलेली उष्णता दोर आणि दोरी यांच्यात वाटली जाते, पण ही वाटणी न्यायाची नसते. दोर पुढे सरकत राहतो. त्याची उष्णता त्याच्या लांबीभर पसरते. गाठ जागची हलत नाही. तिची सगळी उष्णता एका वितीत साठते.

म्हणून दोर शाबूत दिसतो आणि दोरी भाजलेली निघते. ते बरोबरच आहे. दोघांपैकी एकाने झिजायचं असेल तर स्वस्त आणि आखूड असेल त्यानेच झिजावं.

*

धागे उष्णतेला कसं तोंड देतात हे एकदा पाठ करून टाकलेलं बरं. पॉलिएस्टर 255 अंशांच्या आसपास वितळतं. नायलॉनच्या दोन जाती बाजारात भेटतात: एक 220च्या जवळ वितळते, दुसरी 255च्या. डायनीमा म्हणून मिळणारा पांढरा, गुळगुळीत, कमालीचा मजबूत धागा 150च्याही अलीकडे हार मानतो. वर तो इतका निसरडा की गाठीत ठरत नाही. त्याच्या ताकदीचा आकडा वाचून भुलणारे भुलतात. अरॅमिड जातीचे धागे वितळतच नाहीत. त्यातला टेक्नोरा 500 अंशांच्या आसपास विघटित होतो. झाडावर काम करणाऱ्यांच्या गाठीच्या दोऱ्यांना बाहेरून अरॅमिडचं कवच असतं ते याचसाठी.

पण अरॅमिडलाही खोड आहे. ऊन त्याला सोसत नाही, आणि वारंवार दुमडलं की तो आतून तुटत जातो. वरून काही दिसत नाही. नायलॉन आपली जखम चमकून दाखवतं, अरॅमिड ती लपवतं.

*

चंद्रपूरचा मे महिना. पारा 46-47 अंशांवर जाणं इथे बातमी नसते. या उन्हाने दोरी वितळत नाही, पण म्हातारी होते. गाडीच्या टपावर, काचेमागे, अंगणातल्या तारेवर पडून राहिलेली दोरी न वापरताही संपते. तिला खोलीतल्या फडताळात, कापडी पिशवीत ठेवा. बॅटरीच्या ॲसिडपासून आणि डिझेलपासून दूर, हे सांगायला नको; तरी सांगतो, कारण जंगलातल्या जीपमध्ये या तिन्ही गोष्टी एकाच खोक्यात सापडतात.

*

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव देशाला सामूहिक वनहक्कासाठी ठाऊक आहे. 2009 साली त्याला 1809 हेक्टर जंगलावरचा हक्क मिळाला. त्याच्या आधीपासून या गावात अभ्यास गट चालत आले आणि त्यातला एक विषय मध हा होता: माश्या न मारता मध कसा काढायचा.

आग्या मोहोळ उंच झाडाच्या जाड फांदीखाली एकाच पोळ्याचं लटकतं. मध त्याच्या वरच्या, फांदीलगतच्या कोपऱ्यात असतो. खाली अंडी-अळ्यांचा भाग. जुनी रीत म्हणजे रात्री टेंभा लावायचा, माश्या जाळायच्या, पोळं अख्खं तोडायचं आणि खाली यायचं. नव्या रीतीत मधाचा तुकडा तेवढा कापून घ्यायचा आणि पिल्लांचा भाग जागेवर ठेवायचा. माश्या परत येतात, मध पुन्हा भरतात.

या दोन रीतींमध्ये दयेइतकाच वेळेचा फरक आहे. मोहोळ जाळणाऱ्याला झाडावर थोडा वेळ काढायचा असतो. मोहोळ राखणाऱ्याला तिथे बसावं लागतं. दोन्ही हातांनी, सावकाश, अंधारात, अंगभर जाळीचा पोशाख घालून. एका हाताने फांदी धरून दुसऱ्याने अहिंसक मध निघत नाही. हात मोकळे करून देणारा दोर आणि त्यावर माणसाला जागच्या जागी धरून ठेवणारी गाठ हवी.

अहिंसेलाही साहित्य लागतं. त्याची यादी करायला आपण विसरतो.

*

आणि तरीही मोहोळ कधीतरी उठतंच.

तेव्हा माणूस जितक्या वेगाने उतरेल तितकी गाठ तापणार. सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच दोरी सगळ्यात जास्त भाजते. म्हणून मध काढणाऱ्याची दोरी रोजच्या चढण्यावर बेतून चालत नाही. सगळ्यात वाईट उतरण्यावर बेतावी लागते: अरॅमिडचं कवच, 8ऐवजी शक्य तर 10 मिलिमीटर, आणि तिला साजेसा जाड दोर. टेंभ्याची एक ठिणगी नायलॉनच्या दोरीत भोक पाडते, हेही याच हिशेबात धरायचं.

वेगाने उतरून मध्येच थबकणं हे त्याहून वाईट. सरकताना उष्णता लांबीभर वाटली जात होती. थांबल्यावर तापलेली गाठ दोराच्या एकाच जागेला चटका देत बसते. उतरायचंच आहे तर एका लयीत उतरा. भीतीला लय नसते, त्यामुळे हे जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर असतानाच घोटून घ्यावं लागतं.

*

बाजारात दोरी मागितली की दुकानदार ‘नायलॉनची देऊ का?’ असं विचारतो. तो निळ्या-हिरव्या-पिवळ्या रंगाचं जे भेंडोळं पुढे करतो, ते बहुतेक वेळा नायलॉन नसतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन असतं. त्याने गुरं बांधा, ताडपत्री बांधा, ट्रकवरचा माल बांधा. पॉलिप्रॉपिलीन 165 अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिएथिलीन 130च्या. माणसाच्या उतरण्याने ते वितळायला वेळ लागत नाही.

ओळखण्याची परीक्षा फुकट आहे. कापलेला तुकडा बादलीतल्या पाण्यात टाका आणि बोटांनी दाबून त्यातली हवा काढा. नायलॉन आणि पॉलिएस्टर पाण्याहून जड, ते तळाशी जातात. ही बाजारची ‘नायलॉन’ तरंगत राहते. तरंगणाऱ्या दोरीवर चढू नये. बुडणाऱ्या प्रत्येक दोरीवर चढावं, असा याचा अर्थ नाही.

*

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात दोर बाहेरून आलेला नाही. पळसाच्या मुळांचा वाख, मुरुडशेंगेची साल, माहुलाच्या वेलीची साल. ठेचून, भिजवून, सोलून, वळून यांचे दोर पिढ्यान्‌पिढ्या झाले. बैल त्यांनी बांधले गेले, ओझी त्यांनी ओढली गेली, आणि मधासाठी माणसंही त्यांच्या आधाराने चढली.

या वनस्पतींच्या दोरांचा एक गुण आजच्या धाग्यांत नाही. ते तापल्यावर वितळत नाहीत, करपतात. आणि करपण्याचा वास आधी येतो. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही ही म्हण त्याच दुनियेतली. नायलॉन जळतं तेव्हा पीळच आधी जातो.

एवढ्यावरून जुना दोर चांगला होता असं म्हणणारे भेटतात. त्यांनी तो पावसाळ्यानंतर हातात घेऊन पाहावा. सालीचा दोर कुजतो, आतून कुजतो, आणि कुठे कुजलाय हे वळणाऱ्यालाही सांगता येत नाही. जुन्याचा आदर जमिनीवर उभं राहून करावा.

*

गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंचा. प्राणहिता इथे गोदावरीला मिळते आणि पलीकडे तेलंगणातलं काळेश्वरम दिसतं. या पट्ट्यात तेलुगू आणि मराठी एकाच घरात नांदतात आणि ताडाची झाडं दोन्ही तीरांवर आहेत. ताडी काढणारा खोडाभोवती आणि स्वतःभोवती एकच फास टाकतो, पाय खोडाला रोवतो, पाठ मागे टाकतो आणि फास हातभर वर झटकत चढतो. त्याचं सगळं घर्षण खोडाशी. उत्तरेला भामरागड-एटापल्लीकडे गोरग्याच्या, म्हणजे भेरली माडाच्या, झाडावर चढतात ते पेरांचे खुंट राखलेला बांबू टेकवून.

ताडीवाल्याच्या फासाची एक अडचण आहे. तो पाय रोवलेले असेपर्यंतच धरतो. पाय निसटला की फासही सैल होतो. भार गेला की सुटणं ही त्याची रीत. भार आला की आवळणं ही गाठीची.

तेलंगण सरकारने जुलै 2024मध्ये ताडी काढणाऱ्यांसाठी ‘काटमय्या रक्षा कवचम’ नावाने सुरक्षेचा संच द्यायला सुरुवात केली. नदीच्या अलीकडचं ताडाचं झाड तेवढंच उंच आहे. पडणाऱ्याला राज्याची हद्द आडवी येत नाही, संचाला येते.

*

मे 2018मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी ‘मिशन शौर्य’ या मोहिमेतून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. महाराष्ट्राने त्यांचं कौतुक केलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. ज्या घरांतली मुलं रोज झाडावर चढतात, त्या घरांतल्या मुलांना दोर कळायला वेळ लागला नसणार, असं मला वाटतं.

पण एक गोष्ट खटकत राहते. बर्फात लावलेल्या दोरावर चढण्याचं सगळं साहित्य त्यांच्या हातात आलं ते आठ हजार मीटरवर जाण्यासाठी. त्यांच्या गावातल्या बेहड्यावर, कोसंबावर, अर्जुनावर जो रोज वीस मीटर चढतो, त्याच्यापर्यंत वीतभर दोरी पोहोचायची राहिली आहे. शिखराला प्रायोजक मिळतो. शेंड्याला मिळत नाही.

*

डोंगरावर चढायला जुमार नावाचं दातेरी यंत्र आहे. 1958 साली ते आलं आणि पुढे जगभर चाललं. मग झाडावर गाठ कशाला, असं विचारणारे असतात. उत्तर असं की जुमार फक्त वर जातं. त्याचे दात दोराच्या कवचात रुततात आणि मोठा हिसका बसला तर ते कवच फाडतात. झाडावरचं काम एका फांदीवरून दुसरीवर, कधी वर, कधी खाली, कधी आडवं चालतं. गाठ दोन्हीकडे जाते, आणि हिसका बसला तर आधी जराशी घसरते, मग धरते. ते जराशी घसरणंच हाडं वाचवतं.

मात्र हे दुहेरी दोराबद्दल झालं, म्हणजे बेचक्यातून फिरून ज्याचं एक टोक कमरेलाच बांधलेलं असतं त्या दोराबद्दल. त्यात गाठीवर अंगाचा साधारण अर्धाच भार येतो. एकेरी दोरावर पूर्ण येतो आणि एकटी गाठ तो घेऊन उतरू शकत नाही. एक तर गच्च बसते, नाहीतर भाजते. त्यासाठी गाठीच्या वर थोडं घर्षण वाटून घेणारं उपकरण लावतात. केव्हिन बिंगहॅमचं रोप रेंच त्यातलं गाजलेलं. उपकरण नसेल तर एकेरी दोरावर गाठीने उतरू नका. याला अपवाद सांगणाऱ्याचं ऐकू नका.

*

झाडही निवडीत बोलतं.

सालई आणि धावड्याचा डिंक दोरीला लागला की ती चिकट होते. जिथे सुटायला हवी तिथे अडते. आरमोरीकडे ज्या ऐन-अर्जुनावर ढिवर समाज कोसा पोसतो, त्यातल्या ऐनाची साल मगरीच्या पाठीची. ती दोराचं कवच खरवडते. कोळशाच्या खाणींच्या आणि वीज केंद्राच्या आसपासच्या झाडांवर धूळ बसलेली असते. ती वेढ्यांत शिरते आणि आतून कानशीचं काम करते. पावसाळ्यात नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि थोडं दुबळं होतं. म्हणून जुलैत नीट धरणारी गाठ जानेवारीत तशीच वागेल असं समजू नये.

आलापल्लीहून भामरागडकडे जाताना ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ लागतं: 6 हेक्टरांचं, कुऱ्हाड न लागलेलं सागाचं जंगल, 2014 साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेलं. तिथल्या सागांकडे मान वर करून पाहिलं की पहिली फांदीच कुठे सुरू होते ते शोधावं लागतं. अशा झाडावर चढायची परवानगी नाही आणि नसावी. पण नजरेने उंची मोजून पाहावी. आपण ज्या दोरीवर विश्वास टाकतो ती किती उंचीसाठी आहे, याचा अंदाज तिथे येतो.

*

उतरून आल्यावर दोरी हातात घ्या. हातमोजे काढून घ्या, कारण डोळ्यांपेक्षा अंगठ्याला जास्त कळतं.

एका टोकापासून सुरू करून ती अंगठा आणि तर्जनी यांच्यातून हळूहळू ओढा. चांगली दोरी सारखी लागते. मध्येच एखादी जागा काचेसारखी गुळगुळीत, कडक लागते; उजेडात धरली तर तिथे चमक दिसते. तिथे कवचाचे धागे वितळून एकमेकांना चिकटलेले असतात. हा भाग पुन्हा मऊ होत नाही. पुढच्या वेळी वेढे त्याच जागी घसरणार, घसरले की अधिक तापणार, तापले की अधिक चिकटणार. एखाद्या जागी कवचाच्या आत पोकळ लागलं, दोरी तिथे नको इतकी सहज दुमडली, तर आतला गाभा तुटला आहे. कवचावर लव आली असेल तर घाबरू नका. थोडी लव पकडायला मदतच करते. पण गाभ्याचा वेगळा रंग कवचातून डोकावला की प्रश्न संपला.

संपलेली दोरी फेकू नका. हातभर लांबीचे तुकडे करा, मग फेका. अख्खी फेकलेली दोरी कुणीतरी उचलतो, आणि तो बकरीच बांधेल याची खात्री नसते.

*

चढण्याआधी रोज एक काम करायचं. गाठ मारा, सगळे वेढे हाताने नीट बसवा, आणि जमिनीपासून गुडघाभर उंचीवर सगळं अंग तिच्यावर सोडा. एकदा थांबा, एकदा उतरा. काल धरलं होतं हे आज सांगू नका. कालचा दोर कोरडा होता.

अनुभवी माणूस ही चाचणी टाळतो. पडणाऱ्यांत अनुभवी माणसं असतात ती त्यामुळेच.

*

आता माझं गाऱ्हाणं.

बी गोळा करायला, कलमासाठी काड्या काढायला, मधाला, मचाण बांधायला, घरट्यांचे फोटो काढायला चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत माणसं झाडावर पाठवली जातात. पाठवणारा खाली असतो. तो खरेदीची यादी करतो, आणि तिच्यात ‘दोर, 1 नग’ एवढंच लिहिलेलं असतं. कशाचा, किती जाडीचा, त्यावर बांधायचं काय, कशालाच उत्तर नाही. मग वर जाणारा माणूस गाठीसाठी हाताला लागेल ते वापरतो: बाजारची पिवळी दोरी, जुन्या दोराचा तुकडा, कधी नुसतेच पाय. त्याला कुशल म्हणून आपण मोकळे होतो. त्याचं कौशल्य हे आपल्या कंजुषीचं दुसरं नाव झालं आहे.

गाठीची दोरी या सगळ्या साहित्यातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे, आणि सर्वांत आधी संपणारीही. तेव्हा ग्रामसभेच्या वन समितीत तुम्ही असाल, वनखात्यात असाल, महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असाल किंवा कॅमेरा घेऊन कुणाला तरी झाडावर चढवत असाल, तर पुढच्या यादीत एक ओळ वाढवा: गाठीची दोरी, अरॅमिड कवचाची, दोन्ही टोकांना डोळे शिवलेली, 13च्या दोरासाठी 10 मिलिमीटर किंवा 11च्या दोरासाठी 8, प्रत्येक चढणाऱ्यामागे तीन नग. आणि ती मंजूर होईपर्यंत कुणाला वर पाठवू नका.